शेगडी जुनीच, घर मात्र नवं

पत्राचा सारांश: चोपडा तालुक्यातल्या, सातपुड्याच्या पायथ्याजवळच्या एका गावातून २९ वर्षांच्या एका ताईंनी लिहिलं आहे. माहेर नाशिकचं, लग्नाला तीन वर्षं झाली, बाळ पाच महिन्यांचं आहे. दोन वर्षांपूर्वी जुनं धाब्याचं घर पाडून स्लॅबचं बांधलं. दिवाळीपासून थंडी जी बसली आहे ती हलायला तयार नाही. यजमान केळीला पाणी द्यायला रात्री शेतात असतात, म्हणून ताई, बाळ आणि ६६ वर्षांच्या सासूबाई एकाच खोलीत झोपतात. सासूबाई रोज रात्री निखाऱ्यांनी भरलेली शेगडी खोलीत आणतात, खिडक्या लावतात आणि दाराखालच्या फटीत गोधडीचा तुकडा कोंबतात. ताईंनी हरकत घेतली की म्हणतात, "पोऱ्याले हिव वाजस ना माय! तुले काय समजस?" यजमानांचं म्हणणं असं की आई आयुष्यभर हेच करत आली, तिला कळत नाही का. घरात "शहरातली सून" हा शब्द एकदा येऊन गेला आहे. गेल्या आठवड्यात दोन दिवस सकाळी ताईंचं डोकं जड होतं, मळमळत होतं आणि बाळही दुधाला तोंड लावत नव्हतं. सासूबाईंनी नजर काढली. ताई विचारतात: शिवरात्रीपर्यंत बाळाला घेऊन माहेरी जाऊ का? गेले तर मनं कायमची दुखावतील. नाही गेले तर मला रात्रभर झोप लागत नाही.

ताई,

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते सासू-सुनेचं पत्र वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना शेवटच्या परिच्छेदात अडकले. डोकं जड, मळमळ, आणि पुढे तुम्ही लिहिलंय, "नऊच्या सुमारास ओट्यावर उन्हात आले की बरं वाटायचं." हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे. म्हणून माझं उत्तर लांबणार असलं, तरी पहिलं काम आजच्या रात्रीचं आहे. आज झोपायच्या आधी ती शेगडी खोलीबाहेर गेली पाहिजे. घरात एकमत होण्याची वाट पाहू नका. सासूबाई रागावल्या तर रागावू देत, त्यांचा राग उद्या दुपारी काढता येईल.

झोपायच्या खोलीत चढणारी आणि मोकळ्या हवेत आल्यावर उतरणारी डोकेदुखी हे निखाऱ्याच्या वायूचं नेहमीचं लक्षण आहे. कोळसा बंद जागेत जळतो तेव्हा त्याला पुरती हवा मिळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. रक्तात तो ऑक्सिजनच्या जागी जाऊन बसतो, आणि ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट बसतो. माणूस गुदमरून उठत नाही, उलट जास्त गाढ झोपतो. बाळाचा श्वास मोठ्यांपेक्षा भरभर चालतो, म्हणून त्याच्या अंगात तो आधी भिनतो.

आता तीन गोष्टी करा. सासूबाईंना विचारा की त्या सकाळी त्यांचंही डोकं दुखत होतं का. त्यांना शुगर आहे, कदाचित त्यांनी ते त्यावर ढकललं असेल. बाळाला डॉक्टरांकडे न्या आणि तिथे "बंद खोलीत शेगडी होती" हे स्वतःहून सांगा, कारण विचारल्याशिवाय हे कुणाच्या ध्यानात येत नाही. आणि कोरोनाच्या दिवसांत घेतलेलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घरात असेल, तर त्यावर विसंबू नका. या वायूने भरलेलं रक्तही त्या यंत्राला ऑक्सिजनने भरल्यासारखंच दिसतं, ९८ आकडा दाखवून ते गप्प राहतं. एखाद्या पहाटे कुणी हाकेला ओ देत नसेल, तर आधी दारं-खिडक्या सताड उघडा, माणसाला उचलून बाहेर मोकळ्यावर आणा आणि १०८ ला फोन करा. ॲम्ब्युलन्समध्ये ऑक्सिजन असतो, आणि यावरचा उपचारही तोच.

एवढं झाल्यावर आता सासूबाईंबद्दल बोलू.

तुम्ही लिहिलंय की त्यांना विज्ञान समजत नाही आणि समजून घ्यायचंही नाही. मला हे मान्य नाही. माझी आजी अमळनेर तालुक्यातल्या एका धाब्याच्या घरात राहायची. जाड मातीच्या भिंती, वर सागाची पाटणं आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. आणि धाब्यात, बरोबर चुलीच्या वर, हात आत जाईल एवढा झरोका. दाराच्या दोन फळ्यांमधून रस्त्यावरचा माणूस ओळखू यायचा. रात्री जेवणं उरकली की आजी चुलीतले पऱ्हाट्यांचे (कपाशीच्या वाळक्या काड्यांचे) आणि बाभळीचे निखारे उलथन्याने शेगडीत ओढायची, वर राखेचा पांढरा थर द्यायची आणि उलथन्याच्या पाठीने तो थापून गुळगुळीत करायची, लिंपायला बसल्यासारखी. पहाटे राख बाजूला केली की आत लाल डोळा तसाच असायचा. ती शेगडी बाजेखाली ठेवून आम्ही चार नातवंडं वाढलो आणि कुणाचं डोकंसुद्धा दुखलं नाही.

म्हणजे तुमच्या सासूबाई खोटं बोलत नाहीत. त्यांनी लेकरं शेगडीवर वाढवली, बाळंतपणं शेक-शेगडीवर काढली आणि काही झालं नाही, हे त्यांच्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे. त्यात फक्त एक गोष्ट कुणी त्यांना सांगितली नाही: ते घर श्वास घेत होतं. झरोक्यातून आणि फळ्यांमधून रात्रभर हवा ये-जा करायची. तुमच्या नव्या घराला सरकत्या काचेच्या खिडक्या आहेत, दार चौकटीत घट्ट बसतं, वर स्लॅब आहे आणि खालची फट गोधडीने बंद. शेगडी जुनीच राहिली, घर मात्र डब्यासारखं झालं. आणि राखेखाली दबलेला निखारा जळतो मंद, म्हणजे अपुऱ्या हवेवर. जुन्या घरात जे शहाणपण होतं, तेच नव्या खोलीत जास्त घातक ठरतं.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. आमच्या घरावर स्लॅब पडला त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात वडील आजारी होते आणि मी त्यांच्या खोलीत झोपायचे. शेगडी मीच आणायचे, आजीकडून शिकलेल्या सगळ्या निगुतीने. एका पहाटे उठले तर पाय लटपटत होते. दाराची कडी समोर दिसत होती, पण हात तिथवर पोचेना, जणू हात दुसऱ्या कुणाचा होता. मी दारावर आपटले, त्या आवाजाने आई आली. वडिलांना बाहेर ओट्यावर आणलं, तासाभराने ते बोलायला लागले. तो तास मला अजून आठवतो. म्हणून तुमच्या पत्राला मी लगेच उत्तर लिहायला बसले.

तेव्हा सासूबाईंशी बोलताना "तुमचं चुकतं" इथून सुरुवात करू नका. "आई, जुन्या घरात झरोका होता, या घरात तो ठेवायचा राहून गेला," असं म्हणा. हे खरंही आहे आणि यात दोष त्यांच्याकडे जात नाही, गवंड्याकडे आणि तुम्हा सगळ्यांकडे जातो. गाळ काढायला जुन्या विहिरीत उतरण्याआधी माणसं का थांबतात, हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. कोंडलेली हवा माणूस घेते, ही गोष्ट खेड्यातल्या जाणत्या बाईला नवी नाही. आपली झोपायची खोलीच तशी झाली आहे, इतकंच त्यांच्या मनाशी जोडून द्यायचं आहे.

दुसरी गोष्ट तुमच्या पत्रात नाहीच, आणि तिने मला जरा अस्वस्थ केलं. तुम्हाला बाळाची काळजी आहे, ती असायलाच हवी. पण त्याच खोलीत, त्याच हवेत सासूबाईही झोपतात. उद्या तुम्ही बाळाला घेऊन नाशिकला गेलात, तर त्या शेगडी घेऊन एकट्या झोपतील, दार आतून लावून. तुम्ही असताना निदान रात्री दूध पाजायला कुणीतरी उठतं. म्हणून "माझ्या बाळाला धोका आहे" याऐवजी "आई, मला तुमची भीती वाटते" असं म्हणून पाहा. मनापासून म्हणा. तोंडदेखलं म्हटलेलं त्यांना कळेल.

आणि त्यांना विचारा की शेगडी नेमकी कुणासाठी आहे. मला वाटतं, उत्तर फक्त बाळ असं येणार नाही. त्यांचे गुडघे आहेत. आणि रात्री दोन-अडीचला ओल्या पायांनी शेतातून येणारा मुलगा आहे, त्याला घरात येताच विस्तव मिळावा म्हणून ती राख थापलेली असते. हे खरं असेल तर त्या विस्तवाची जागा बदलली की काम होतं. शेगडी ओट्यावर, आडोशाला, वाऱ्याने ठिणगी उडणार नाही अशी ठेवा, शेजारी एक स्टूल आणि थर्मासमध्ये चहा. यजमान येतील, पाय कोरडे करतील, शेकतील, मग आत येतील. आईची माया तशीच राहील आणि दाराच्या आतली हवाही.

यजमानांशी वेगळं बोला, आणि त्यांच्या भाषेत बोला. थंडीच्या लाटेत ते केळीला रात्री पाणी का देतात? विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं, जमिनीत ऊब धरून ठेवतं, घडाला चरका बसू नये म्हणून ही सगळी धडपड. बांधावर ओला पालापाचोळा पेटवून धूर करतात तोही उघड्यावर. पारा १०-१२ च्या खाली गेला की बागेला काय होतं हे ज्याला घडाची साल बघून कळतं, त्याला बंद खोलीत पाच महिन्यांच्या जिवाला काय होतं हे कळायला एक संध्याकाळ पुरेल. त्यांना "आईला समजवा" असं मोघम सांगू नका. "आजपासून शेतात जायच्या आधी शेगडी बाहेर ठेवून जायची, ते काम तुमचं" असं नेमकं सांगा. मुलाने उचललेल्या शेगडीला सासूबाई अडवणार नाहीत. सुनेने उचलली तर शब्द होतो.

घरातलं कुणीच ऐकलं नाही तर गावातली आशाताई, म्हणजे आरोग्य खात्याची 'आशा' कार्यकर्ती, तुमच्या बाजूची आहे. बाळ तीन महिन्यांचं झाल्यापासून सव्वा वर्षाचं होईपर्यंत दर तीन महिन्यांनी तिने घरी यायचं असतं. सहा महिन्यांची भेट आता जवळ आली आहे. तिला आधी कानावर घालून ठेवा आणि सासूबाईंसमोर तिच्या तोंडून येऊ द्या. लपवाछपवी म्हणून नाही. गावातल्याच, त्यांच्या ओळखीच्या बाईने सांगितलेलं लवकर पटतं, एवढ्यासाठी.

माहेरी जावं का, याचं उत्तर आता कदाचित तुमचं तुम्हालाच मिळालं असेल. चार दिवस जाऊन यायचं असेल, मन मोकळं करायचं असेल तर अवश्य जा, त्याला थंडीचं निमित्त कशाला हवं? पण थंडीपासून पळायचं म्हणून जाणार असाल तर नाशिक काही उबदार गाव नाही, निफाडकडचा पारा तर कित्येकदा आपल्या जळगावपेक्षा खाली असतो. फक्त एक बाजू स्पष्ट सांगते. सगळं बोलूनही शेगडी त्या खोलीत येतच राहिली, तर निदान झोपायची खोली बदला, आणि तेही होत नसेल तर बाळाला घेऊन निघा, कोण काय म्हणेल याचा विचार न करता. शिवरात्रीला थंडी शिव शिव करत जाते म्हणतात, पण तिला अजून वेळ आहे, आणि एवढ्या रात्री जुगारावर काढता येत नाहीत. "मी नवी आहे, मला बोलायचा हक्क काय" असं तुम्ही लिहिलंय. पाच महिन्यांच्या बाळाच्या आईला तो हक्क कुणाकडून मागून घ्यावा लागत नाही.

विजेचा हीटर घ्यावा का, असंही तुम्ही विचारलंय. घ्यायला हरकत नाही, पण हिशोब बघा. एक हजार वॉटचा हीटर तासाला एक युनिट खातो, दोन हजारांचा दोन. झोपण्याआधी तासभर खोली गरम करून बंद केला तर परवडतो. रात्रभर चालू ठेवू नका. तो जाड पिनेच्या, १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावा, अर्थिंग तपासून घ्या आणि दुपटी वाळवायला त्यावर टाकू नका. गावातल्या व्होल्टेजचा नेम नसतो आणि वायर गरम झाली की भिंतीच्या आत काय चाललंय ते दिसत नाही.

खरं तर खोलीत आग नसली की तुम्हाला एक मोठी मोकळीक मिळते: मग फटी खुशाल बंद करा. सासूबाईंचा तो गोधडीचा तुकडा दाराखाली राहू दे. खिडक्यांना आतून जुनी चादर दुहेरी करून लावा. बाज बाहेरच्या भिंतीपासून हातभर आत ओढा, स्लॅबच्या घराची भिंत रात्री थंडगार पडते. जमलं तर स्वयंपाकघराला लागून असलेल्या किंवा पश्चिमेचं ऊन खाणाऱ्या खोलीत झोपा, तिथली भिंत संध्याकाळपर्यंत तापलेली असते. आणि आपल्याकडे सगळे एक चूक करतात, पांघरुणं वर वाढवतात आणि खाली एक सतरंजी. बाजेच्या सुंभातून खालून गार हवा लागत राहते. दोन गोधड्या असतील तर दोन्ही आधी खाली घाला. एवढ्याने सासूबाईंच्या कमरेला निम्मा आराम पडेल.

आपली थंडी कोरडी आहे. आभाळ निरभ्र, उत्तरेचा वारा, दिवसभर चांगलं ऊन आणि सूर्य बुडाला की जमिनीतली सगळी ऊब आभाळात निघून जाते. वर डाब-तोरणमाळच्या बाजूला तर गवतावरचं दव गोठून पांढरं होतं. पण याच थंडीत दुपारी अकरा ते तीन ऊन फुकट मिळतं, आणि ते आपण पुरतं वापरत नाही. अंथरूण-पांघरूण रोज दुपारी उन्हात टाका आणि चारच्या आत, गरम असतानाच घडी घालून आत आणा. रात्री आठलाही त्या घडीच्या आत हात घातला तर ऊन लागतं.

बाळाचं सगळं याच वेळात बसवा. पहाटे अंघोळ नको. साडेदहानंतर, वारा नसलेल्या कोपऱ्यात, आधी तेल, मग कोमट पाणी. मालीश सासूबाईंकडे द्या, त्यांच्या हाताला जे कळतं ते तुम्हाला-मला कळायचं नाही. एवढंच सांगा की नाकात-कानात तेल सोडायचं नाही, ते श्वासातून छातीत उतरू शकतं. ओव्याची-वावडिंगाची धुरी नको, धूर कुठलाही असो, इतक्या लहान छातीला तो त्रासच. रात्री बाळाला तुमच्यापेक्षा एक कपडा जास्त, बस्स. पाठीवर झोपवा, तोंडावरून गोधडी ओढू नका, मोठ्यांच्या पांघरुणात घेऊ नका. हातपाय गार लागले म्हणून घाबरायचं नाही. मानेच्या मागे आणि पोटाला हात लावून बघा, तिथे ऊब असली की बाळ ठीक आहे. मान घामेजली असेल तर एक कपडा काढा. फारच हुडहुडी भरल्यासारखं वाटलं तर उघड्या छातीशी धरून वरून शाल घ्या, कुठल्याही शेगडीपेक्षा आईचं अंग बाळाला जास्त नेमकी ऊब देतं. मात्र तशीच झोपून जाऊ नका, झोप आली की बाळाला खाली ठेवा. सर्दी झालीच तर ते शांत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. वर्षाच्या आतल्या, दोन महिन्यांपुढच्या बाळाचे ५० किंवा जास्त झाले, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला, किंवा दूध सोडलं, तर घरगुती उपाय थांबवून त्याच तासाला दवाखाना गाठा.

सासूबाईंना शुगर आहे, म्हणून गरम पाण्याची पिशवी जपून. शुगरच्या माणसाचे पाय बऱ्याचदा बधिर असतात, चटका बसलेला कळत नाही आणि जखम चिघळते. पिशवी पायांना लावायची नाही, झोपण्याआधी अर्धा तास अंथरुणात ठेवायची आणि त्या आडव्या झाल्या की काढून घ्यायची. पायात लोकरीचे मोजे. पहाटे उठल्यावर थेट गार न्हाणीघरात नाही, आधी पाच मिनिटं अंथरुणातच बसायचं. थंडीत रक्तदाब चढतो आणि म्हाताऱ्या माणसांचे झटके पहाटे जास्त येतात. संध्याकाळचं जेवण सातच्या आत, बाजरीची किंवा कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, वर तेलाची धार. हे तुम्हाला मी काय सांगावं.

भरिताची वांगी सध्या बहरात आहेत. एका रविवारी शेतात किंवा अंगणात पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजा, बडगीत (लाकडी उखळीत) ठेचा आणि सगळं घर त्या आगीभोवती बसू द्या. शेगडी खोलीबाहेर गेली म्हणजे सासूबाईंना आपली जागाच गेल्यासारखं वाटेल. घराचा विस्तव इतकी वर्षं त्यांच्या हातात होता. संध्याकाळी सहा ते आठ ओट्यावर शेगडीभोवती बसायची सवय लावलीत, बाळ मांडीवर, शेजारची एखादी आजी गप्पांना, तर तो त्यांच्याच हातात राहील. तिथे हवी तेवढी आग करू द्या.

तुमच्या स्वतःबद्दल पत्रात एकच ओळ आहे, की पहाटे पाचला भांडी घासताना बोटं बधिर होतात. ही ओळ तुम्ही तक्रार म्हणून लिहिली नाही, पण मी तक्रार म्हणूनच वाचली. घरातली थंडी सगळ्यांत जास्त सुनेच्या हातांवर पडते आणि तिची कुठे नोंद नसते. भांडी आणि कपडे नऊनंतर, टाकीतल्या पाण्याचा गारठा उन्हाने जरा मोडल्यावर. रात्रीची भांडी रात्रीच, चुलीवर उरलेल्या गरम पाण्यात. यासाठी कुणाची परवानगी नको, फक्त तीन दिवस करून दाखवायचं, चौथ्या दिवशी ती घराची रीत होते. हातांना भेगा असतील तर झोपताना व्हॅसलीन चोळून जुने सुती मोजे हातात घाला.

आणि एक विनंती. तुमच्या केळीच्या बागेत सालदाराचं (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं) कुटुंब राहतं असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. शेतातली खोपी पूर्वी कुडाची असायची, आता ती चारी बाजूंनी ताडपत्रीने बांधलेली असते. ताडपत्री म्हणजे काचेच्या खिडकीहून घट्ट. तिथेही घमेल्यात निखारे घेऊन लेकरं झोपत असतील. यजमानांना सांगा की रात्री पाणी धरताना तिकडे एक चक्कर टाकून हे समजावून यावं, आणि घरातल्या दोन जादा गोधड्या पाठवून द्या. यजमानांसाठी म्हणाल तर "मागेल त्याला सौर कृषी पंप" योजनेचा अर्ज महावितरणकडे केला नसेल तर जरूर करा. सर्वसाधारण शेतकऱ्याला दहा टक्के हिस्सा भरावा लागतो, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला पाच. थंडीच्या लाटेतल्या काही रात्री केळीसाठी जागावं लागेलच, पण बाकीचं पाणी दिवसा झालं तर तुमच्या खोलीत बाळाचा बाप असेल.

एक विचारायचं राहिलं. नव्या घराच्या न्हाणीघरात गॅसचा गीझर बसवलाय का? बसवला असेल तर शेगडीचं सगळं बोलणं त्यालाही लागू आहे, उलट न्हाणीघर खोलीपेक्षा लहान. गीझर आणि सिलिंडर बाहेरच्या भिंतीवर हलवून घ्या. तोवर दार उघडं ठेवून बादली भरायची, गीझर बंद करायचा, दोन मिनिटं थांबायचं आणि मग दार लावून अंघोळीला बसायचं. बाळाची अंघोळ तर तिथे नकोच, त्याची उन्हातली जागा ठरलेली आहे.